ऑटोमॅटिक गाडी खरंच पेट्रोल पिते?

गेल्या शनिवारी बारामतीला घरी गेलो होतो. जेवताना नव्या गाडीचा विषय निघाला. आण्णांचा डावा गुडघा वर्षभर कुरकुरतोय आणि डॉक्टरांनी "क्लच कमी दाबा" असं सांगितलंय (क्लच कमी दाबून गाडी कशी चालवायची, ते काही सांगितलं नाही!). मी म्हटलं, "आण्णा, आता ऑटोमॅटिकच घेऊ." ताटावरून मान वर न करता निकाल आला, "नको. ऑटोमॅटिक लय पेट्रोल पिती."

आण्णा उगाच बोलत नाहीत. टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुन्हा फुल्ल करायची आणि भागाकार करायचा, अशा नोंदींच्या त्यांच्या कितीतरी डायऱ्या कपाटात आहेत. अशा माणसाशी नुसत्या तोंडाने वाद घालून उपयोग नाही. म्हणून म्हटलं, ही समजूत आली कुठून ते तरी शोधू.

गोष्ट शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून सुरू करता येते. तिथल्या वालचंदनगरला वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याच वालचंद शेठनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याला अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडायला घेतल्या.

अमेरिकेत तेव्हा ऑटोमॅटिकचं वेड जोरात होतं. ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलमध्ये 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स दिला आणि क्लचचं पेडलच काढून टाकलं. तिथे क्लचऐवजी तेल काम करायचं. कसं? एक टेबल फॅन चालू करा आणि समोर दुसरा बंद फॅन ठेवा. वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो, पण पहिल्याच्या वेगाने कधीच नाही. इथे वाऱ्याच्या जागी तेल. दोन पंख्यांच्या वेगात जो फरक राहतो, तेवढी शक्ती तेल गरम करण्यात जाते, म्हणजे तुमच्या पैशाचं पेट्रोल हवेत! त्यात तेलाचा दाब टिकवायला पंप सतत चालू. १९४८ सालच्या ब्यूकच्या 'डायनाफ्लो'ने तर कहर केला. नेहमीच्या चालीत ती गिअर बदलतच नसे, सगळा भार तेलावर. लोण्यासारखी चालायची आणि पेट्रोलही तसंच ओढायची.

म्हणजे आण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ते त्या काळातल्या यंत्राबद्दल खरं होतं.

यावरचा उपाय तसा जुनाच. वेग आला की दोन्ही पंखे एका क्लचने घट्ट जोडून टाकायचे, म्हणजे घसरण बंद. पॅकार्डने हे १९४९ सालीच करून दाखवलं होतं. पण पेट्रोल स्वस्त असताना काटकसर कोणाला सुचते? १९७३ च्या तेलसंकटाने डोळे उघडले आणि १९७८ साली क्रायस्लरने ही युक्ती पुन्हा आणली. पुढे गिअर तीनाचे चार, सहा, आठ झाले. गिअर जास्त, म्हणजे इंजिन काटकसरीच्या फेऱ्यांवर ठेवणं सोपं. २०१० नंतरच्या दशकात तर अमेरिकेतल्या सरकारी आकडेवारीत ऑटोमॅटिक गाड्यांनी मॅन्युअलला मागे टाकलं.

आपल्याकडे यातलं काहीच दिसलं नाही. आपण फिएट आणि अॅम्बॅसडरचे गिअर हाताने टाकत बसलो होतो. बिनगिअरची स्कूटर सर्वसामान्य घरात आली ती १९८० च्या दशकात, कायनेटिक होंडाच्या रूपाने. बटण दाबा आणि निघा! त्या स्कूटरमध्ये तेल नाही, पट्टा होता. पट्टा घट्ट दाबून धरायला शक्ती लागते आणि थोडी घर्षणात जाते. आरामदायी, पण मायलेजला कमी, अशीच तिची ख्याती झाली. माझी शंका अशी, की आण्णांचं मत तिथेच पक्कं झालं असावं. गंमत म्हणजे आमच्या बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात गिअरची आपे रिक्षाही बनते आणि २०१२ पासून बिनगिअरची व्हेस्पाही.

मोटारींमध्ये खरा फरक पडला तो २०१४ साली. मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणली. ही खरं तर ऑटोमॅटिक नाहीच! गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचही तोच. फक्त तुमच्या पायाचं आणि हाताचं काम कॉम्प्युटरच्या हुकमावर एक यंत्रणा करते. मधे तेलाचे पंखे नाहीत, त्यामुळे ती घसरण नाही. ही यंत्रणा मॅग्नेटी मारेलीची. ही कंपनी तेव्हा फिएटच्या कुटुंबातली, म्हणजे प्रीमियरने ज्यांच्या गाड्या पुढे वर्षानुवर्षं बनवल्या, त्याच फिएटच्या. सेलेरिओचा प्रमाणित आकडा होता लिटरला २३.१ किलोमीटर, मॅन्युअललाही आणि एएमटीलाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा आकडा रोलरवरच्या चाचणीतला. तिथे मॅन्युअलचे गिअरसुद्धा ठरलेल्या वेगालाच बदलतात. रस्त्यावर आण्णांसारखा जपून चालवणारा माणूस एएमटीला हरवूही शकेल. पण माझ्यासारखा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन रडवणारा, नक्की हरेल :-)

रविवारी संध्याकाळी मित्राची एएमटी मागून आणली आणि आण्णांना इंदापूर रस्त्याला घेऊन गेलो. गळीत हंगाम असल्यामुळे भवानीनगरच्या अलीकडेच उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेने पुढे. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, असा तो रस्ता. आण्णांचा डावा पाय सणसरपर्यंत नसलेला क्लच दाबत होता. पुढे तो शांत झाला. लासुर्णे आलं, जंक्शन आलं, तरी "आता वळू" असं काही ते म्हणेनात. परत आल्यावर नेहमीसारखे गुडघा धरून उतरले नाहीत. मीही काही बोललो नाही.

रात्री म्हणाले, "घेऊ. पण डायरी मी ठेवणार. कमी पडली तर तुझ्याकडून वसूल."

असो. आण्णांचा हिशोब मला मान्य आहे. फक्त त्यात एक रकाना कायम राहून जायचा, गुडघ्याचा.