रामकिंकर बैज : मातीशी इमान, मनाचे स्वातंत्र्य

पुतळा म्हटला की डोळ्यांसमोर चौक, चौथरा, थोर व्यक्ती आणि खाली उद्घाटनाची पाटी येते. चेहरा हुबेहूब साधला की शिल्पकाराचे काम चोख झाले, असा आपला हिशेब असतो. पण शिल्पकाराला स्वतःचेही काही सांगायचे असेल तर? रामकिंकर बैज यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

रामकिंकरांचा जन्म १९०६ मध्ये बंगालमधील बांकुडा येथे एका गरीब कुटुंबात झाला. १९२५ मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. पुढे रामकिंकरांनी तेथेच अध्यापन केले.

संथाळ कुटुंब

हे त्यांचे १९३८ चे शिल्प शांतिनिकेतनात उघड्यावर उभे आहे. खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, सोबत त्याची बायको, मुले आणि कुत्रा, असे हे कुटुंब किडूकमिडूक घेऊन निघाले आहे. त्या काळी पुतळे व्हायचे ते राजे, गव्हर्नर आणि पुढारी यांचे. रामकिंकरांनी तो मान कष्टकऱ्यांना दिला. संगमरवर किंवा ब्राँझ न वापरता सिमेंटमध्ये तिथलीच जांभ्याची खडी मिसळली. पृष्ठभाग खडबडीतच ठेवला. स्वस्त साहित्य ही अडचण न राहता त्यांची भाषाच बनली. १९५६ च्या ‘मिल कॉल’ या शिल्पात गिरणीच्या भोंग्याकडे धावणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्या मागे उडणाऱ्या वस्त्रांतून वेग दिसतो.

यक्ष आणि यक्षी

आमच्या बँकवाल्यांना जवळचे काम म्हणजे नवी दिल्लीतील रिझर्व्ह बँकेच्या दारावरचे यक्ष आणि यक्षी. येथे काम सरकारी, विषयाला चौकट. तरी त्यांनी प्राचीन मूर्तींचा आधार घेऊन नवे रूप घडवले. यक्षासाठी मथुरा संग्रहालयातील परखमचा यक्ष, तर यक्षीसाठी बेसनगरची यक्षी समोर ठेवली. हे बेसनगर म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातील विदिशेलगतचे. यक्षाच्या हाती पैशाची थैली आणि यंत्राचे दातेरी चाक, यक्षीच्या हाती धान्य आणि फूल. उद्योग आणि शेती यांवर बँक उभी असते, हे एवढ्यात सांगून झाले. यक्षीच्या विवस्त्र रूपावर तेव्हा टीका झाली, राज्यसभेतही प्रश्न आला. मूर्ती मात्र आजही जागेवर आहेत.

आपल्याकडील उदाहरण

पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) घडवणारे विनायकराव करमरकर यांचे शिल्पालय अलिबागजवळ सासवणे येथे आहे. तिथली सिमेंटची म्हैस पाहताना जाणवते, की मागणीबरहुकूम पुतळे करणारा कलावंत घरच्या अंगणात किती मोकळा होत असे.

कलावंताचे स्वातंत्र्य म्हणजे मन मानेल तसे वागणे नव्हे. कोणाला चौथऱ्यावर चढवायचे, कोणते साहित्य घ्यायचे आणि परंपरेतून काय उचलायचे, हे स्वतः ठरवून त्याची जबाबदारी घेणे, हे ते स्वातंत्र्य. संस्था पुतळ्याचे काम देतात तेव्हा चेहऱ्याच्या साम्याबरोबर शिल्पकाराचे म्हणणेही ऐकून घ्यावे. सभासदांनी दिल्लीला गेल्यावर संसद मार्गावर दोन मिनिटे थांबून ही जोडी जरूर पाहावी. मुलांना सोबत न्यावे.