पाठ केलेलं विसरतं? पुस्तक मिटून आठवायची सवय लावा

कल्याण : मुरबाड-शहापूरकडची बरीच मुलं एसटी नाहीतर लोकलने कल्याणला कॉलेजला येतात. दिवसाचा बराच वेळ प्रवासात जातो. रात्री तोच धडा चारदा वाचतात, तरी पेपरात आठवत नाही. मग घरचे म्हणतात, ‘पोराचं डोकं चालत नाही’, आणि स्मरणशक्ती वाढवणाऱ्या क्लासची फी भरायला निघतात. त्याआधी अभ्यासाची पद्धत तपासून बघावी. त्याला पैसे पडत नाहीत.

विसर का पडतो?
जर्मन शास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून उजळणी वेळेवर हवी. आज शिकलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने बघावं. पिकाला सगळं पाणी एकदाच देत नाहीत, पाळीने देतात, तसंच हे.

वाचणं वेगळं, आठवणं वेगळं
2006 मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारेच पुढे गेले. परीक्षा आठवड्यानेच काय, महिन्यांनी असते.

आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, पावकी, निमकी पुस्तक न बघता रोज म्हणायची. त्यातही हेच होतं. धड्याला मात्र नुसती घोकंपट्टी चालत नाही. पान वाचावं, पुस्तक मिटावं, समजलं ते आपल्या शब्दांत आईला नाहीतर धाकट्या भावाला सांगावं. अडलं तेवढंच उघडून बघावं. एसटीत उभं राहूनही कालचा धडा मनात आठवता येतो.

आधी वाचन तपासा
कधी कधी दोष स्मरणाचा नसतो, वाचनच अडखळत असतं. एकेक अक्षर जुळवण्यात सगळं लक्ष गेलं की अर्थ हातात राहत नाही. केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत अभियानानुसार तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत. मोबाईलवर एक मिनिट लावून न वाचलेला उतारा वाचायला द्यावा, शब्द मोजावेत, आणि ‘काय कळलं?’ एवढं विचारावं. कमी पडलं तर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून घ्यावं. पुस्तक नसेल तर बालभारतीच्या वेबसाइटवर पीडीएफ फुकट मिळतं.

घरी आगरी, कातकरी, वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी नवी असते. त्याला मठ्ठ म्हणू नये. शब्दाचा अर्थ घरच्या बोलीत सांगितला की वाचन सुटतं. पुस्तक फार जवळ धरून वाचत असेल तर सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्यावेत.

एकाग्रतेसाठी
अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. 25 मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती, असं सुरू करावं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये. शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचाही वाटा असतो.

गोष्टींच्या पुस्तकांनी वाचनाला वेग येतो. 1864 पासूनचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आणि 1893 मध्ये सुरू झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच जिल्ह्यात आहे. रोज कल्याणला येणाऱ्या मुलाने तिथे सभासद होण्याची चौकशी करावी.

पालक शिकलेले नसले तरी अडत नाही. रात्री जेवताना ‘आज काय शिकलास, सांग बघू’ एवढं विचारावं आणि ऐकून घ्यावं. सांगता सांगता पोराची उजळणी होते.