गोंगाटातील गाऱ्हाणे



आजच्या भाषणाचा विषय एका ध्वनिमुद्रिकेचा इतिहास हा आहे. आणि ती ध्वनिमुद्रिका अशा जातीच्या संगीताची आहे की, ते कानी पडताच पुष्कळशा सुशिक्षित घरांत प्रथम खिडकी लावून घेतली जाते. या संगीतास ‘थ्रॅश मेटल’ असे नाव आहे. मुंबईच्या ‘सेप्टर’ नामक वाद्यवृंदाने २०१३ साली आपली पहिली संपूर्ण ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘एज ऑफ कॅलॅमिटी’, म्हणजे ‘अरिष्टाचे युग’. मी तिचा चाहता आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता, तर त्यासाठी आपला वेळ घेण्याचा मला अधिकार नव्हता. ज्या विषयावर मुंबईचे हे वादक एवढा मोठा आवाज करतात, त्याच विषयावर आपला बीड जिल्हा दीर्घकाळ मौन धरून होता. आणि त्या मौनाची किंमत शिरगणतीच्या आकड्यांत नोंदली गेली आहे. म्हणून हा गोंगाट कोठून आला, आणि त्यात ऐकण्याजोगे काय आहे, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम नावाचाच विचार करू. ‘थ्रॅश’ म्हणजे झोडपणे. खळ्यावर कणसे बडवून दाणे मोकळे करण्याच्या क्रियेस इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचेच हे सख्खे भावंड होय. १९८४ साली ‘केरँग’ या इंग्रजी नियतकालिकात माल्कम डोम या लेखकाने तो या संगीतास लावला आणि तो रूढ झाला. संगीताची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत. इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी टोनी आयोमी नावाचा एक तरुण पत्रे कापण्याच्या कामावर होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. हा गडी डावखुरा. म्हणजे तारा दाबण्याचा हातच नेमका निकामी झाला. त्याने प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणे केली आणि तो पुन्हा गिटार वाजवू लागला. त्यातून जो खोल आणि जड नाद निघाला, त्यावर ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका उभी राहिली. ती एका दिवसात मुद्रित होऊन १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाहेर पडली. या संगीताच्या उगमाशीच एका कामगाराच्या हाताची जखम आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या संगीताची घडण आपल्या परिभाषेत सहज सांगता येते. गिटारीतून निघालेली विद्युत्-लहर वाजवीपेक्षा फुगविली म्हणजे तिची शिखरे कापली जातात. मूळ स्वराभोवती उपस्वरांची दाटी होते आणि आवाजास करवतीसारखी धार येते. अशा आवाजात गांधारासह तीन स्वर एकदम छेडले, तर नुसता गदारोळ माजतो. म्हणून वादक बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र वाजवितात. म्हणजे आपल्या तंबोऱ्याचीच ती जोडी! या पायावर कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम हे मनास अस्वस्थ करणारे स्वर वारंवार येत राहतात. उजव्या हाताचा तळवा तारांवर किंचित टेकवून वादक नाद तत्काळ खुंटवितो. आघात तेवढा शिल्लक राहतो. तालवादक दोन्ही पायांनी नगाऱ्यावर घाव घालतो आणि लय मिनिटास २०० मात्रांच्या घरात जाते. विस्तवावर तापवून ताणलेली हलगी आपल्या जत्रांतून आणि मिरवणुकींतून कडाडताना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना आघाताचा हा आनंद अगदीच परका वाटू नये.

थ्रॅशचा खरा जन्म अमेरिकेत झाला. ‘मेटॅलिका’ हा वृंद १९८१ साली लॉस एंजेलिस येथे स्थापन झाला. त्याच्या गाण्यांची एक साधी ध्वनिफीत १९८२ साली हातोहात उतरवून घेतली जात देशोदेशी गेली. न्यू जर्सीतील बाजारात तबकड्या विकणारे जॉन झझूला यांच्या हाती ती पडली. आणि कोणतीही प्रस्थापित कंपनी पुढे येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच कंपनी काढून या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका २५ जुलै १९८३ रोजी प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘किल ’एम ऑल’. या उदाहरणाने पुढील सर्वांना एक धडा घालून दिला: वृत्तपत्रे, नभोवाणी व धनिक व्यापारी यांच्या अनुज्ञेवाचूनही एक श्रोता दुसऱ्या श्रोत्याच्या हाती संगीत सोपवू शकतो.

भारतातही हे संगीत प्रथम असेच, उतरवून घेतलेल्या ध्वनिफितींवरून पसरले. १९९३ साली अलाहाबादेहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक निघू लागले. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा उत्सव भरू लागला आणि धोबीतलावाजवळील रंगभवन हे उघडे नाट्यगृह त्याचे माहेरघर बनले. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये व विद्यालये यांच्या परिसरास ‘शांतता क्षेत्र’ ठरविण्यात आले. आणि २००३ च्या सुमारास रंगभवनातील हे जलसे बंद पडले. कायद्याचा हेतू रास्त होता, त्याविषयी तक्रार नाही. तथापि शांतता ही सर्वत्र सारखीच हितकारक असते काय, हा प्रश्न मनात ठेवून आपण पुढे जाऊ.

‘सेप्टर’ची स्थापना मुंबईत १९९८ साली झाली. या शब्दाचा अर्थ राजदंड. २००८ साली त्यांची एक लहान ध्वनिमुद्रिका निघाली आणि पहिली संपूर्ण ध्वनिमुद्रिका निघावयास २०१३ साल उजाडले. स्थापनेपासून पहिल्या संपूर्ण ध्वनिमुद्रिकेपर्यंत १५ वर्षे! चित्रपटसंगीताच्या या महानगरीत इंग्रजी भाषेतील अशा कर्कश संगीतास ना बाजारपेठ, ना आश्रयदाता. अनिकेत वाघमोडे यांचा ताल, गिलरॉय फर्नांडिस यांची गिटार, जेनस सयाल यांचा खर्जाचा आधार आणि सॅम्रॉन ज्यूड यांचा गर्जनेच्या जवळ जाणारा घोगरा कंठ, ही नावे वाचली तरी त्यांत मुंबईची अठरापगड वस्ती दिसते.

या जातीच्या संगीतात युद्ध, मृत्यू, अणुसंहार, धर्मसत्तेचा दंभ हे विषय नेहमीचे आहेत. ‘सेप्टर’ने निराळा विषय घेतला. स्त्रीजातीवर युगानुयुगे होत आलेला जुलूम आणि त्याचे समाजाला भोगावे लागणारे परिणाम, हे त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे सूत्र आहे. आणि तिच्या विक्रीतून होणारा नफा मुंबईतील अनाथ मुलींच्या संस्थेस देण्याचे त्यांनी जाहीर केले.

माझ्या मते या कृतीचे मोठेपण विषयापेक्षाही रसाच्या निवडीत आहे. मराठी गीताने स्त्रीचे दुःख पुष्कळ गायिले. पण बहुधा करुण रसात गायिले. करुण ऐकून आपण डोळे पुसतो, मन हलके होते, आणि दुसऱ्या दिवशी जग होते तसेच चालू राहते. ‘सेप्टर’ने तेच दुःख रौद्र रसात मांडले. रौद्राचा स्थायीभाव क्रोध; आणि क्रोध दया मागत नाही, जाब मागतो. येथे मन निवविणारी बासरी नाही, अंगाई नाही, हुंदका नाही. ज्या अन्यायाचे वर्णन चालले आहे, त्याने गाणाऱ्याचा घसा फाटावा हेच त्यांना योग्य वाटले. गोड गळ्याने सांगितले असते, तर ते खोटे झाले असते.

आता बीडकडे वळू. सहा वर्षांपर्यंतच्या वयात दर १,००० मुलग्यांमागे मुली किती, हा आकडा शिरगणतीत काढला जातो. बीड जिल्ह्यात तो १९९१ साली ९३९ होता, २००१ साली ८९४ झाला, आणि २०११ साली ८०७ वर आला. साऱ्या महाराष्ट्रात त्या वर्षी हा नीचांक होता. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता आणि देशाचा कायदा १९९४ साली झाला होता. म्हणजे कायदा होता, यंत्रे होती, वैद्य होते, नातलग होते; नव्हता तो आवाज. २०१२ साली परळी येथे गर्भपाताच्या वेळी एका स्त्रीचा मृत्यू झाला, तेव्हा देशभर बोभाटा झाला. आणि २०१९ साली बीडच्या न्यायालयाने संबंधित डॉक्टर दांपत्यास १० वर्षांची सक्तमजुरी सुनावली. पण आकडा ९३९ वरून ८०७ वर येण्यास लागलेली वीस वर्षे किती शांततेत गेली!

जन्मास आलेल्या लेकीची कथाही फार वेगळी नाही. बीडमधून दरवर्षी लक्षावधी माणसे ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर. आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. २०१९ साली राज्यशासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. साधारणतः सहा जणींमागे एक! ‘अरिष्टाचे युग’ हे नाव प्रथम अतिशयोक्तीचे वाटते. हे आकडे वाचल्यावर वाटत नाही.

आमच्या स्त्रिया मुक्या होत्या असे मात्र कोणी समजू नये. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील १,००० हून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आणि १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. पहाटेच्या अंधारात सासुरवास, माहेर, बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता, सर्व काही या स्त्रिया गात आल्या. परंतु जात्याची घरघर त्या घराच्या भिंतींतच राहिली. जिच्यापाशी गाऱ्हाणे होते तिच्यापाशी मोठा आवाज नव्हता. आणि ज्यांच्यापाशी मोठा आवाज होता ते बहुधा दुसरेच काही गात होते. ‘सेप्टर’च्या कृतीने हे अंतर थोडे तरी कमी केले, म्हणून ती मला मोलाची वाटते.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, स्त्रीची व्यथा पुरुषांनी का गावी? याला आपल्याच इतिहासात पूर्वपीठिका आहे. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले. कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या रूढीवर त्याने पदांतून घाव घातला. आणि ती शारदा त्या काळी पुरुषनटच उभी करीत असत. त्यामुळे नाटक खोटे ठरले नाही. मात्र शारदेच्या मुखातून खऱ्या स्त्रीने गावे, ही वाट पाहणे ओघानेच आले. तेच येथे लागू आहे. ‘सेप्टर’ची गाणी ही त्या स्त्रियांच्या स्वतःच्या आवाजाची जागा घेऊ शकत नाहीत, आणि त्यांनी घेऊही नये.

दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजीतील हे आक्रंदन वडवणीच्या किंवा पाटोद्याच्या ऊसतोडणी करणारीस काय कळणार? हे खरे आहे. परंतु या ध्वनिमुद्रिकेचा रोख तिच्याकडे नाहीच. तिला तिचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. रोख आहे तो शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या, पैसा बाळगणाऱ्या शहरी घराकडे. गर्भलिंगनिदानासाठी गुपचूप पैसे मोजणारी पुष्कळ घरे हीच होती. अपराध जेथे सभ्य भाषेत आणि बंद दाराआड चालतो, तेथे त्याच भाषेत दारावर धडका देणे मला अयोग्य वाटत नाही.

थ्रॅश मेटल सर्वांना आवडावे असा माझा आग्रह नाही. ज्यांचे कान भूप आणि यमनावर पोसले आहेत, त्यांनी आवाज लहान करून आणि शब्द समोर घेऊन ही ध्वनिमुद्रिका एकवार ऐकावी, एवढीच विनंती आहे. आणि आपल्याच घरात एखादा मुलगा किंवा मुलगी दार लावून असे काही ऐकत असेल, तर आवाज कमी करण्यास सांगण्यापूर्वी हे गाणे कशाविषयी आहे एवढे विचारून पाहावे. उत्तर देण्यासारखे काही त्यांच्यापाशी निघाले, तर त्या दिवशी घरात अशा विषयावर बोलणे होईल, जो एरवी आपल्याकडे निघतच नाही.