फ्रीज कधी थंड, कधी कोमट? गॅस भरण्याआधी हे तपासा

फ्रीज दोन दिवस छान चालतो, तिसऱ्या दिवशी दूध नासतं. अशा वेळी बऱ्याचदा 'गॅस गेला' असं सांगितलं जातं. पण गळलेला गॅस आपोआप परत येत नाही; गळती असेल तर थंडावा कमीच होत जातो. तो येत-जात असेल तर संशय आधी विजेवर घ्यावा.

कॉम्प्रेसर घूं-घूं करून 'टक्' आवाजासरशी बंद पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच? मग व्होल्टेज कमी आहे, नाहीतर रिले किंवा ओव्हरलोड खराब. दाराचं रबर आणि मागच्या जाळीवरची धूळही बघून घ्यावी.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजची खोड वेगळी. फ्रीझरमध्ये बर्फ होतो, खाली भाजी कोमट. दार उघडं ठेवून २४ तास बंद केला की काही दिवस झकास, मग पुन्हा रडगाणं. म्हणजे डीफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर किंवा टायमर गेला. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड बर्फ साचून हवा अडते. इथे गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

अपवाद आहे: आधी कुणी व्हॅक्यूम नीट न करता गॅस भरला असेल, तर आतला ओलावा कॅपिलरीत गोठतो-वितळतो आणि थंडावा येतो-जातो.

घरात इन्सुलिन असेल तर थांबू नये. त्याला २ ते ८ अंश लागतात. दुरुस्ती होईपर्यंत ते शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवावं, फक्त फ्रीझरमध्ये नको.