अकरा नावं आणि बाराव्याचा हिशेब

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पी.टी.च्या सरांनी स्टाफरूममध्ये एक काडी टाकली. म्हणाले, "भारताचा आजवरचा सर्वोत्तम वनडे संघ निवडा. अकराच नावं. बारावं चालणार नाही."

डबे उघडेच राहिले. सचिन, रोहित, विराट, धोनी, कपिल ही पाच नावं एका दमात झाली. मधल्या फळीत आणि फिरकीसाठी युवराज आला, कारण २०११ च्या विश्वचषकात ३६२ धावा आणि १५ बळी घेणाऱ्याला बाहेर ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. गोलंदाजीत कुंबळे, बुमराह, शमी आणि आपला श्रीरामपूरचा झहीर. श्रीनाथच्या ३१५ बळींसाठी मी थोडा भांडलो, पण हरलो. दहा नावं झाली आणि चौथ्या क्रमांकावर गाडी अडली.

त्याआधी एक वाद होऊन गेला होता, तो सांगायला हवा. गणिताच्या सरांचं म्हणणं असं, की आकडे मांडा, सरासरी काढा, संघ आपोआप तयार होतो. मी म्हटलं, सर, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण एका यादीत लावून पहिला नंबर काढता येतो का?

भारत पहिला वनडे खेळला १३ जुलै १९७४ ला, इंग्लंडमध्ये लीड्सला. कर्णधार अजित वाडेकर. डाव ५५ षटकांचा होता, आपण २६५ धावा केल्या आणि हरलो. पुढच्याच वर्षी पहिल्या विश्वचषकात इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या, तेव्हा सुनील गावसकर शेवटपर्यंत नाबाद राहिले आणि त्यांच्या नावावर होत्या ३६ धावा, १७४ चेंडूंत. आज लोक यावर हसतात. पण याच गावसकरांनी १९८७ च्या विश्वचषकात नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. माणूस तोच होता. बारा वर्षांत खेळ काय मागतो ते देशाला कळलं होतं, आणि त्यालाही. त्यानंतर पांढरा चेंडू आला, वर्तुळाचे नियम बदलले, २०११ पासून दोन्ही टोकांना वेगळा नवा चेंडू आला. तीनशे धावांचं अप्रूप राहिलं नाही. म्हणूनच त्या काळात शंभर चेंडूंमागे ९५ धावांच्या गतीने खेळणारा कपिल मला आजच्या कुठल्याही अष्टपैलूपेक्षा मोठा वाटतो. एवढं गणिताच्या सरांनीही मान्य केलं.

तर चौथा क्रमांक. माझ्या तोंडून नाव निघालं, अझहरुद्दीन. पी.टी.चे सर हसत म्हणाले, "सर, तुम्ही अझहरच म्हणणार, हे आम्हाला माहीतच होतं."

सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. झहीर आणि शमीची नावं त्यांनीच तर घेतली होती. पण वाक्य आत कुठेतरी रुतलं. मी अझहरला निवडतोय ते १९८८ मध्ये बडोद्याला ६२ चेंडूंत ठोकलेल्या शतकासाठी, की त्याच्या नावासाठी? खरं सांगतो, लगेच उत्तर देता आलं नाही. दहा-बारा वर्षांचा असताना मी शर्टाची कॉलर वर करून फिरायचो. ते नुसतं क्रिकेट नव्हतं.

कुणीतरी २००० सालच्या मॅच फिक्सिंगचा विषय काढला. तेव्हा बोर्डाने अझहरवर आजीवन बंदी घातली होती. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदेशीर ठरवली. या दोन्ही गोष्टी इतिहासात आहेत. एक सांगून दुसरी गाळणं मला पटत नाही, मग गाळलेली कुठलीही असो.

शेवटी मी मास्तरकीचा उपाय केला. बोर्डाच्या पेपरवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. मी दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर १९८५ ते २०००, ९३७८ धावा, सरासरी जवळपास ३७. दुसरीवर १९९६ ते २०११, १०८८९ धावा, सरासरी ३९, शिवाय गरजेला यष्टिरक्षण. क्रिकेटशी काही देणंघेणं नसलेल्या विज्ञानाच्या बाईंना म्हटलं, तपासा. त्यांनी एका मिनिटात दुसरी चिठ्ठी उचलली. राहुल द्रविड. मी निकाल मान्य केला. घंटा झाली.

पण रात्री एक गोष्ट आठवली आणि मी उठून बसलो.

संघातलं पहिलं नाव सचिनचं. तो पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळायचा. ६९ सामने झाले होते आणि एकही शतक नव्हतं. २७ मार्च १९९४ ला ऑकलंडमध्ये सिद्धूची मान अवघडली. सलामीला पाठवा, एक संधी द्या, म्हणून सचिनने हट्ट धरला. ज्यांच्याकडे धरला ते होते कर्णधार अझहर आणि व्यवस्थापक अजित वाडेकर. दोघं हो म्हणाले. त्या दिवशी ४९ चेंडूंत ८२ धावा झाल्या. सचिनच्या ४९ वनडे शतकांपैकी ४५ पुढे सलामीला आली आहेत. नाही म्हटलं असतं तर? सचिन मोठा झालाच असता, पण आपल्या यादीतला पहिल्या क्रमांकाचा सचिन कदाचित नसता.

मग पुढचं उलगडत गेलं. २००५ मध्ये विशाखापट्टणमला पाकिस्तानविरुद्ध धोनीला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं सौरव गांगुलीने. धोनीने १४८ धावा केल्या. २०१३ च्या जानेवारीत मोहालीला रोहितला सलामीला जायला सांगितलं धोनीने. त्याच रोहितने पुढच्या वर्षी ईडन गार्डन्सवर २६४ धावा केल्या. गांगुली आमच्या संघात नाही. अझहर नाही. वाडेकर तर दोनच वनडे खेळले, त्यात एकूण ७३ धावा. त्यांना कोण घेणार?

माझ्या चिठ्ठ्यांवर धावा होत्या, सरासरी होती, साल होतं. कुणाला कुणी संधी दिली, याचा रकानाच नव्हता. नाव झाकल्याने माझा पक्षपात झाकला गेला, तो न्याय झाला. पण त्याच झाकणाखाली माणसाचं निम्मं कामही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा पी.टी.चे सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कालचा कागद काढला. अकरा नावं तशीच ठेवली, चौथ्या क्रमांकावर द्रविडच. खाली लिहिलं, व्यवस्थापक वाडेकर. त्याखाली, बारावा खेळाडू अझहर.

"बारावा चालणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं.

"माझा नियम आहे," ते म्हणाले, "मी बदलतो." आणि कागद माझ्याकडे सरकवला.