लय : वेग कीं विसावा?

धाराशिव जिल्ह्यांतील ईटसारख्या गांवीं एकादशीच्या रात्रीं भजनास रंग चढूं लागला, कीं टाळांची गति वाढत जाते. नवखा टाळकरी त्या भरांत पुढें धांवूं लागतो. म्हातारा पखवाजी मान हालवून त्यास आवरतो. गति वाढलेली त्यासही हवी असते. मग तो आवरतो तें काय?

याचें उत्तर याच मराठवाड्यांत, देवगिरीस, सुमारें आठशें वर्षांपूर्वीं लिहिलें गेलें. यादव राजा सिंघण (सुमारें १२१० ते १२४७) याच्या दरबारीं शार्ङ्गदेव नांवाचा अधिकारी होता. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. राज्याचा हिशेब पाहणाऱ्या या पंडितानें ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचिला, आणि पांचव्या, तालाच्या अध्यायांत लयीची व्याख्या केली. एक क्रिया झाल्यानंतरची विश्रांति म्हणजे लय, असें तो सांगतो. दोन टाळ्यांमधील जो रिकामा काळ, तीच लय. तो काळ सर्वांत अल्प असेल तर द्रुत, त्याच्या दुप्पट तो मध्य, आणि मध्याच्याही दुप्पट तो विलंबित. एक, दोन, चार : हिशेबनिसास शोभेल असेंच हें माप आहे.

युरोपांत १८१५ सालीं योहान मेल्त्सेल यानें मेट्रोनोमचें पेटंट घेतलें, आणि मिनिटास अमुक ठोके अशी गति मोजण्याची रीति तेथें रूढ झाली. आपल्याकडे प्रमाण तेवढें ठरलें. मूळ विसावा गायकावर सोंपविला गेला. म्हणूनच तेच शब्द पिढ्यापिढ्यांच्या निराळ्या गाण्यास पुरले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तींत ख्याल बसविण्यासाठीं थोर गवयांनाही विस्तार आंखडता घ्यावा लागला. उलट उस्ताद अमीर खां (१९१२–१९७४) यांनीं झूमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या संथ केल्या, कीं एका आवर्तनांत श्रोत्यास राग निवांत न्याहाळतां यावा.

विसावा दीर्घ असो वा अल्प, तो सारखा असला पाहिजे, एवढीच अट. गति वाढवावयाची ती सर्वांनीं मिळून, प्रत्येक विसावा सारखाच आंखडून. एकट्यानेंच तो चोरला, कीं भजन मोडतें. म्हातारा पखवाजी आवरतो ती ही चोरी.

१२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर स्वारी केली, आणि पुढें पंचवीस वर्षांच्या आंत यादवांचें राज्य लयास गेलें. लय मात्र गेली नाहीं. शार्ङ्गदेवाचें नांवही न ऐकलेल्या हातांत ती टाळांबरोबर राहिली.