आपल्या रस्त्यांना शॉकअपच लागतो?

हिंगोलीच्या बाजारात पहिली सायकल घ्यायला गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो. आपले रस्ते असे आहेत, तेव्हा जाड टायर घ्या, पुढे शॉकअप बघा, डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर असलेली घ्या. पुढेमागे ट्रायथलॉन, म्हणजे सलग पोहणे, सायकल आणि धावणे, करायचे झालेच, तर तेव्हा लाखाची रोड बाइक घेता येईल. दुकानदार हे सांगतो, सोबत आलेला मित्र मान डोलावतो आणि दहा-पंधरा हजार रुपये देऊन एक जड, दिमाखदार सायकल घरी येते. पावसाळा संपेपर्यंत ती जिन्याखाली जाते. माणूस आळशी निघाला असे घरचे म्हणतात. माझ्या मते बऱ्याच वेळा दोष सायकलीचा असतो, आणि त्याहून अधिक त्या सल्ल्याचा.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. त्या बाजूने बोलणारे चार गोष्टी सांगतात. एक, डांबरी रस्ता सोडून गावाकडे वळले की खड्डे, खडी आणि काळ्या मातीचा चिखल. हाताला आणि कमरेला बसणारे हादरे शॉकअप शोषून घेतो. दोन, सव्वीस इंची चाकाची ट्यूब सेनगावपासून वसमतपर्यंत कुठेही मिळते, थोड्या मोठ्या 700सी चाकाची मिळत नाही. तीन, गिअर जितके जास्त तितका चढ सोपा. चार, ट्रायथलॉन हा कार्बनच्या सायकलींचा, पैसेवाल्यांचा खेळ आहे. नवशिक्याने त्याचा विचार करून सायकल निवडणे म्हणजे बाजारात तुरी. यातला दुसरा मुद्दा खरोखर वजनदार आहे. बाकीचे तीन तपासले की टिकत नाहीत.

रस्त्यापासून सुरुवात करू. आपले रस्ते चांगले होते कधी? आजच्यापेक्षा कितीतरी वाईट वाटांवर या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या सायकली चालल्या. दूध, धान्याचे पोते, शाळेतली पोरे, टपाल, नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला निघालेली दोन माणसे, हे सगळे ज्या काळ्या दांडीच्या सायकलीवरून गेले, तिला शॉकअप नव्हता. तिचा टायर 28 बाय दीड इंचाचा, म्हणजे साधारण 38 ते 40 मिलिमीटर रुंद. मोठे चाक, मध्यम रुंदीचा गुळगुळीत टायर, पोलादी फोर्क आणि आत हवा, एवढ्यावर ती खडीच्या रस्त्यावरून पार झाली. सायकलीचा खरा शॉकअप ती हवाच आहे. जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने 1888 मध्ये बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला, तोही दगडी रस्त्यांवरचे हादरे कमी व्हावेत याच हेतूने. पुढच्याच वर्षी त्या टायरवर शर्यती जिंकल्या गेल्या. आराम आणि वेग एकाच वस्तूतून मिळाले होते.

आता दहा-पंधरा हजारांच्या सायकलीवरचा शॉकअप म्हणजे काय, ते पाहा. नळीत एक स्प्रिंग, एवढेच. महागड्या फोर्कमध्ये स्प्रिंगची उसळी आवरणारे तेल आणि झडपा असतात, त्या इथे नसतात. असा फोर्क साध्या पोलादी फोर्कपेक्षा दीड-दोन किलो जड भरतो. चढावर उभे राहून पायडल मारले की तो खाली दबतो आणि पायातला जोर चाकाकडे जाण्याऐवजी स्प्रिंगमध्ये मुरतो. आपल्याकडची बारीक धूळ आणि पावसाळी चिखल आत गेला की एखाद-दोन वर्षांत तो जाम होतो. मग उरते ते नुसते वजन. त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत नाहीत, आणि आपला सायकलवाला तो उघडूनही पाहत नाही, कारण उघडून दुरुस्त करण्याजोगे त्यात फारसे नसतेच.

हादऱ्यांवरचा उपाय टायरमध्ये आहे. 35 ते 40 मिलिमीटरचा टायर आणि त्यात योग्य हवा. सत्तर किलोच्या माणसाला 38 मिलिमीटरच्या टायरमध्ये 50 ते 60 पीएसआय पुरतात, मागच्या चाकात थोडी जास्त. टायर दगडासारखा कडक करायची सवय आपल्याकडे फार आहे. खडबडीत रस्त्यावर तसा टायर उड्या मारतो, शरीर हादरते आणि वेगही कमी होतो. हे व्यावसायिक शर्यतींतही उशिरा कळले. एके काळी तिथे 23 मिलिमीटरचा टायर हाच नियम होता. आता युरोपातले मोठे खेळाडू 28 आणि 30 मिलिमीटरचे टायर वापरतात, आणि पूर्वीपेक्षा कमी हवेवर. म्हणजे ‘पातळ टायर तेवढा वेगवान’ म्हणणारा शहरी पक्षही इथे हरतो.

मग जाडजूड, दातेरी टायर का नको? थोडे गणित मांडतो. सपाट रस्ता, वारा नाही, माणूस आणि सायकल मिळून नव्वदेक किलो, वेग ताशी 25 किलोमीटर. गुळगुळीत टायरच्या, शॉकअप नसलेल्या सायकलीवर थोडे पुढे वाकून बसले तर सुमारे 120 वॅट लागतात. दातेरी टायरच्या माउंटन बाइकवर ताठ बसून तोच वेग राखायला 170 वॅटच्या आसपास. फरक जवळपास दीडपट. उलट बाजूने सांगायचे, तर पहिल्या सायकलीवर ताशी 25 देणारी मेहनत दुसऱ्या सायकलीवर ताशी जेमतेम 21 देते. हिंगोलीहून औंढ्याला निघालेल्या नवशिक्याचा जीव अर्ध्या वाटेत मेटाकुटीला येतो तो इथे, आणि तो समजतो आपल्यातच दम नाही.

याच गणितात वजनाचा मोह किती पोकळ आहे तेही दिसते. सपाटीवर एक किलो वजन कमी केले तर त्याच वेगाला अर्धा वॅटही वाचत नाही. ताशी दहाच्या वेगाने पाच टक्क्यांचा चढ चढताना किलोमागे सव्वा-दीड वॅट वाचतात. आपला जिल्हा म्हणजे पूर्णा-कयाधूचे पठार आणि अधूनमधून टेकड्या. इथे हलक्या कार्बनसाठी हजारो रुपये मोजून मिळणारा फायदा मोजायला घड्याळ अपुरे पडेल. टायर, बसण्याची ठेवण आणि सायकलीचे माप या तीन गोष्टी मात्र दर किलोमीटरला जाणवतात.

दुसरा मुद्दा ट्यूबचा, आणि इथे प्रतिपक्षाला मान द्यायलाच हवा. मराठवाड्यात सायकलीचा खरा शत्रू खड्डा नव्हे, काटा आहे. वेड्या बाभळीचा काटा आणि सराटे रस्त्याच्या कडेला बारा महिने असतात. पंक्चर होणारच. तेव्हा गावोगाव मिळणारी सव्वीस इंची ट्यूब ही मोठी सोय आहे, हे खरे. पण पंक्चरवाल्याकडे आणखी एक ट्यूब नेहमी टांगलेली असते, काळ्या सायकलीची 28 बाय दीडची. ती 700 बाय 38 च्या टायरमध्ये अडल्यावेळी बसते. टायर मात्र अदलाबदल होत नाही, कारण काळ्या सायकलीची रिम 635 मिलिमीटरची आणि 700सी ची 622 ची. टायरच्या बाजूवर ‘37-622’ असे काही छापलेले असते, ते वाचून घ्यावे. शिवाय घेताना मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब मागावी, म्हणजे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. काटा अडवणारी पट्टी असलेले टायर, पिशवीत एक जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप एवढे जवळ असले की आखाडा बाळापूर आणि वारंगा फाट्याच्या मधे चाक बसले तरी बस शोधावी लागत नाही.

ज्यांच्या घरी सव्वीस इंची सायकल आधीच आहे त्यांनी नवी घेऊच नये. दातेरी टायर काढून दीड इंची गुळगुळीत टायर घालावेत, सीट उंच करावी आणि निघावे. एवढ्या बदलाने ती बऱ्यापैकी सुधारते. घरात आजोबांची काळी सायकल असेल तर तीही तब्येतीसाठी उत्तम आहे; ट्रायथलॉनसाठी मुद्दाम विकत घेऊ नये, कारण एकच गिअर आणि पावसात न धरणारे सळईचे ब्रेक.

गिअरच्या संख्येचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. पुढे तीन आणि मागे सात दातेरी चकत्या म्हणजे एकवीस. पण यातले कितीतरी गिअर एकमेकांची पुनरावृत्ती असतात. पुढच्या मोठ्या चकतीवर मागची मोठी आणि मधल्या चकतीवर मागची मधली लावली तर पायाला फारसा फरक कळत नाही. पुढे एक किंवा दोन आणि मागे सात-आठ एवढे पुरे. बघायचे ते हे की सर्वांत हलक्या गिअरवर चढ बसून चढता येतो का.

माप. याविषयी दुकानात कोणी बोलत नाही, आणि मला सर्वांत जास्त कळकळीने बोलायचे आहे ते याच्याविषयी. लहान गावातल्या दुकानात फ्रेम बहुधा एकाच मापाची असते आणि ती पाच फूट दोन इंचाच्या बाईलाही देतात आणि सहा फुटी गड्यालाही. मग सीट खाली ओढून दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसायचे, असा रिवाज. असे बसल्यावर पायडल वर येताना गुडघा नको तितका वाकतो आणि महिन्याभरात दुखू लागतो. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, मांड्यांच्या मधल्या फटीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि त्याला 0.883 ने गुणा. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत साधारण तेवढे अंतर हवे. 78 सेंटिमीटर असतील तर जवळपास 69. ही रीत तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखली जाते. सायकलीवर बसून पाय टेकत नाहीत म्हणून घाबरू नये. थांबताना सीटवरून पुढे उतरायचे असते. मुलींना आणि बायकांना चुकीच्या मापाची सायकल देऊन ‘तुला जमत नाही’ म्हणणे थांबले, तर या जिल्ह्यातल्या सायकलस्वारांची संख्या वाढेल, असे मला मनापासून वाटते.

उरला चौथा मुद्दा, ट्रायथलॉन पैसेवाल्यांचे. 18 फेब्रुवारी 1978 ला हवाईत पहिले आयर्नमन ट्रायथलॉन झाले. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केले. 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि पूर्ण मॅरेथॉन गॉर्डन हॅलरने 11 तास 46 मिनिटे 58 सेकंदांत संपवली. तेव्हा कार्बनची ट्रायथलॉन सायकल अस्तित्वातच नव्हती. हँडलवर कोपरे टेकवून पुढे हात लांबवायचे बारही नव्हते. ते 1980 च्या दशकाच्या अखेरीस आले, आणि 1989 मध्ये त्याच लेमाँडने ते वापरून टूर द फ्रान्स अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. शरीर वाऱ्याला किती आडवे येते याला किती किंमत आहे, हे त्या आठ सेकंदांनी जगाला दाखवले. असे बार आज कोणत्याही साध्या सायकलीला जोडता येतात.

आणि आजची अट? गोव्यात 2019 पासून भरणारी आयर्नमन 70.3 घ्या. 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणे. या स्पर्धांच्या नेहमीच्या नियमानुसार पोहण्याला 1 तास 10 मिनिटे मिळतात आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपवावी लागते. पोहण्यात सर्वांत शेवटी आलेल्यालाही 90 किलोमीटरला सव्वाचार तास उरतात, म्हणजे ताशी साधारण 21-22 ची सरासरी. वर सांगितलेल्या सव्वाशे वॅटच्या आतल्या मेहनतीवर साधी, शॉकअप नसलेली सायकल हे 90 किलोमीटर पावणेचार तासांच्या आत काढते. त्याच मेहनतीवर शॉकअपवाली माउंटन बाइक वेळेच्या काठावर अडकते. पहिली स्पर्धा तर स्प्रिंट असावी: 750 मीटर, 20 किलोमीटर, 5 किलोमीटर. नियम हेल्मेट मागतो, दोन्ही चाकांना चालणारे ब्रेक मागतो, हँडलच्या टोकांना बुचे मागतो. सायकलीची किंमत कोणी विचारत नाही.

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. त्या भरतीसाठी 5 किलोमीटर धावायचा सराव करणारी पोरे जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात पहाटे रस्त्यावर दिसतात. स्प्रिंट ट्रायथलॉनमधले धावणे नेमके तेवढेच आहे. म्हणजे एक तृतीयांश तयारी आपल्याकडे आधीच चालू आहे. खरी उणीव पाण्यात आहे. विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेला माणूस बुडत नाही, पण न थांबता 750 मीटर तोंड पाण्यात ठेवून पोहणे वेगळे, ते प्रशिक्षकाकडून शिकावे लागते. सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या पाण्यात एकट्याने सराव करणे हा त्यावरचा मार्ग नव्हे, तिथे जीव जातो. महागड्या सायकलीत घालायचे पैसे पोहणे शिकण्यात आणि त्यासाठी नांदेडला जाण्या-येण्यात घाला. ट्रायथलॉन त्यातून जवळ येईल.

मंडन म्हणून माझे म्हणणे असे. पंधरा-वीस हजारांच्या आसपास, 700सी चाकाची, 35 ते 40 मिलिमीटर टायरची, पुढे साधा फोर्क असलेली, आपल्या मापाची हायब्रिड सायकल घ्यावी. सायकलींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून बारावरून पाच टक्के झाला आहे, तो फायदा बिलात दिसतो का ते पाहावे. वाचलेल्या पैशांत हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि पंप आधी घ्यावा. राष्ट्रीय महामार्ग 161 वर पहाटे ट्रक असतात. एखादी स्प्रिंट पूर्ण झाली, खेळ अंगात भिनला, की मग वापरलेली रोड बाइक शोधावी. तोवर काय हवे हे स्वतःच्या पायांना कळलेले असेल.

हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या सायकल विक्रेत्यांना एक विनंती आहे. दुकानात शॉकअप नसलेली निदान एक हायब्रिड ठेवा, ती लहान आणि मध्यम अशा दोन मापांत ठेवा, आणि गिऱ्हाइकाला टायर दाखवण्याआधी त्याच्या पायाचे माप घ्या.